घरांतील ध्वनिमुद्रिकांची जपणूक

जुन्या वाड्याची आवराआवर सुरू झाली म्हणजे माळ्यावरून प्रथम तांब्यापितळेचीं भांडीं खालीं येतात, मग पाळणा, मग ट्रंका; आणि बहुधा सर्वांत शेवटीं धुळीनें माखलेली एक जड पेटी येते. तिच्यांत ग्रामोफोनच्या तबकड्या असतात. आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या आणि एके काळीं शेजारच्या चार बिऱ्हाडांना बोलावून ऐकविलेल्या या तबकड्यांपैकीं कांहीं फुटलेल्या असतात, कांहीं वांकलेल्या, तर कांहींवर बुरशीचे पांढरे डाग पडलेले असतात. वाजविण्याचें यंत्र केव्हांच मोडींत गेलेलें असतें. घरांतील मंडळी लेबलांवरील बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव अशीं नांवें क्षणभर वाचतात, कोणी एखादी आठवण सांगतो, आणि पेटी तशीच्या तशी नव्या घराच्या माळ्यावर चढते. तबकड्यांचा नाश होतो तो बहुतेक अशाच रीतीनें. त्या कोणी मुद्दाम फोडीत नाहीं. त्या कोठें आणि कशा ठेवाव्या हें कोणास ठाऊक नसतें, एवढेंच.

अशा पेटीचें मोल काय, हें समजण्यासाठीं एका गुरुशिष्यांच्या जोडीकडे पाहावें. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ सालीं मुंबईंत निवर्तले. ध्वनिमुद्रणाची कला हिंदुस्थानांत येऊन तेव्हां चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. परंतु खाँसाहेबांनीं आपलें गाणें तबकडीवर घेऊं दिलें नाहीं. तें कसें होतें, हें आज केवळ ऐकणाऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या आठवणींवरून आणि शिष्यांच्या गायनावरून ताडावें लागतें. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर या गोव्यांतील केरी गांवच्या. त्यांच्या तबकड्या निघाल्या. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठविण्यांत आली, आणि तिच्यांत केसरबाईंच्या भैरवीला स्थान मिळालें. त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत केसरबाई वारल्या. तें ध्वनिमुद्रण निवडलें गेलें त्या वेळीं बाजारांत तें सहजासहजीं मिळत नव्हतें. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या एका खोक्यांत त्याच्या प्रती सांपडल्या, आणि मगच काम पुढें गेलें. कोणी तरी तें खोकें फेकून दिलें नव्हतें म्हणून हा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे जाऊं शकला.

प्रत्येक घरच्या पेटींत असें रत्न निघेलच असें नाहीं. परंतु तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांजवळचे धातूचे मूळ सांचे सर्वच ठिकाणीं जपले गेले नाहींत. कित्येक मोडींत गेले. म्हणून एखादा पोवाडा, एखादें कीर्तन, एखाद्या नाटकमंडळीचा संवाद आज कोणाच्या तरी घरच्या कपाटांत उरलेल्या एक-दोन प्रतींतच शिल्लक असण्याचा संभव असतो. अशा घरमालकाकडे, त्याला नकळत, संग्रहालयाचें काम आलेलें असतें.

या कामाचा पहिला नियम असा कीं, तबकडी कशाची बनली आहे हें आधीं ओळखावें. दिसावयास सर्व तबकड्या काळ्या आणि वाटोळ्या; पण एकीला जें मानवतें तें दुसरीला मारक ठरतें. घरोघरीं साधारणपणें चार जाती आढळतात.

पहिली जात लाखेच्या तबकड्यांची. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंची असली तर एका बाजूस सुमारें तीन ते साडेतीन मिनिटें वाजणारी, हातांत घेतल्यावर जड लागणारी आणि पडली कीं कांचेसारखी फुटणारी तबकडी ती हीच. हिंदुस्थानांतील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास झाला. गोहरजान यांचें गाणें तेव्हांच मुद्रित झालें. पहिलीं कांहीं वर्षें या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून इकडे येत. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला. ज्या लाखेवर हा सारा धंदा चालला, ती मात्र मूळची इकडचीच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राळेसारखें कवच करतो, तीच लाख. ती शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे पाडले म्हणजे त्यांना चपडा म्हणतात. तबकडींत या चपड्याचा भाग पाव हिश्श्याच्या मागेंपुढें असतो. बाकी दगडाची बारीक भुकटी, रंगासाठीं काजळी आणि बळकटीसाठीं कापसाचे तंतु. हा लगदा वाफेनें तापवून सांच्यांत दाबला कीं तबकडी तयार होते.

एवढी माहिती ध्यानांत ठेवली तर पुढचे निम्मे नियम आपोआप समजतात. लगदा उष्णतेनें मऊ होऊन आकार घेतो, म्हणून उन्हांत ठेवलेली तबकडी वांकते. त्यांत वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य पदार्थ असतात, म्हणून दमट हवेंत तिला बुरशी लागते. आणि सुतार लांकडाला पॉलिश करतांना चपडा स्पिरिटांत विरघळवून घेतो, हें ज्यानें पाहिलें आहे तो लाखेच्या तबकडीला स्पिरिटाचा बोळा कधींच लावणार नाहीं. स्पिरिट, कोलनवॉटर, हात धुण्याचें मद्यार्कयुक्त द्रव्य यांपैकीं कशानेंहि ती पुसली तर मळाबरोबर गाणेंहि निघून जातें.

दुसरी जात क्वचित् आढळते, पण तिची ओळख असणें सर्वांत अगत्याचें. नभोवाणी केंद्रें आणि ध्वनिमुद्रणगृहें टेपचा प्रसार होण्यापूर्वीं तत्काळ मुद्रणासाठीं एक निराळी तबकडी वापरीत. अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कित्येकदां कांचेच्या, पातळ चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा थर चढविलेला असे, आणि त्यावर यंत्राची सुई थेट खाच कोरीत जाई. ही तबकडी कारखान्यांत छापलेली नसते. ती बहुधा एकुलती एक असते. तिचें लेबल हातानें अगर टंकयंत्रानें लिहिलेलें असतें, मधल्या भोंकाजवळ कधीं कधीं आणखी एक-दोन भोंकें असतात, आणि कडेला धातूची चमक दिसते. वरचा थर काळानुसार आकसतो, खालची चकती मात्र आकसत नाहीं. त्यामुळें थराला तडे जाऊन त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. थर लवचिक राहावा म्हणून त्यांत घातलेलें एरंडेल हळूहळू विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरट, स्निग्ध भुकटी येते. घरांतील कोणी गायक, व्याख्याता अगर नट असेल आणि त्याच्या संग्रहांत अशी तबकडी निघाली, तर ती घरच्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा व जाणत्याकडून तिची प्रत लौकर करून घ्यावी.

तिसरी जात व्हिनाइलची. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित् जास्त वेगानें फिरणारी दीर्घवादन तबकडी निघाली, आणि पुढच्याच वर्षीं ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. ती पडून फुटत नाहीं, बुरशीचें खाद्य तिच्यांत नाहीं. परंतु उष्णतेनें ती लाखेहून लौकर वांकते, तिच्या अतिसूक्ष्म खाचांना ओरखडे चटकन पडतात, आणि घर्षणानें तिच्यांत वीज निर्माण होऊन ती धूळ ओढून घेते. चौथी जात १९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कची. तिच्याविषयीं एक मोठा गैरसमज आहे. लोक तिची चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि लेबलाच्या बाजूवर खुशाल बॉलपेनानें लिहितात. वस्तुतः चकचकीत बाजूस प्लॅस्टिकचा जाड थर संरक्षण देतो. प्रकाश परावर्तित करणारा धातूचा पातळ पापुद्रा लेबलाच्या लगेच खालीं असतो आणि त्यावर केवळ लाकराचा एक हात असतो. म्हणून जपावयाची ती लेबलाची बाजू.

या जातींची ओळख पटली म्हणजे संकटाचा अनुक्रमहि नीट लागतो, आणि तो पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. सर्वांत जुनी तबकडी सर्वांत आधीं नष्ट होते असें नाहीं. पहिला क्रम कोरीव थराच्या तबकडीचा. दुसरा क्रम घरच्या संगणकावर भरलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा. कारण तिच्यांतील नोंद एका रंगद्रव्यावर अवलंबून असते, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं तें रंगद्रव्य फिकें पडतें. वीस वर्षांपूर्वीं आजोबांच्या तबकड्या अशा डिस्कवर उतरवून घेऊन ज्यांनीं मूळ तबकड्या भंगारांत घातल्या, त्यांनीं टिकाऊ वस्तु देऊन नाशवंत वस्तु घेतली, असें म्हणावें लागेल. लाखेची तबकडी तिसरी आणि व्हिनाइलची चौथी. या दोन्ही नीट ठेवल्या तर घरच्या माणसांहून अधिक जगतात.

आतां त्या ठेवाव्या कोठें? माळ्यावर नव्हे, हें उघड आहे. पत्र्याखालीं अगर कौलांखालीं उन्हाळ्यांत जी धग सांठते ती तबकडीला वांकविण्यास पुरेशी असते. नागपुराकडे तर विचारावयासच नको. तळघर आणि तळमजल्याची जमीनहि नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत, आणि २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हां मुंबईंत, खालच्या बिऱ्हाडांतील किती वस्तु पाण्यानें नेल्या याची आठवण अनेक घरांतून आहे. कपाटाचा सर्वांत खालचा खण जमिनीपासून निदान वीतभर तरी उंच असावा. स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या भिंतीला लागून कपाट ठेवूं नये. एकीकडून फोडणीचा धूर येतो व दुसरीकडून ओल. देवघराची खोलीहि या कामीं योग्य नाहीं, कारण उदबत्ती, कापूर आणि समई यांची काजळी तेलकट असते, ती धुळीबरोबर खाचांत बसली म्हणजे निघतां निघत नाहीं. पावसाचा मारा ज्या बाहेरच्या भिंतीवर होतो तीहि टाळावी. घराच्या मधल्या खोलीची, ऊन न येणारी आंतली भिंत सर्वांत उत्तम. आणि भिंत व कपाट यांच्यामध्यें चार बोटें हवा खेळूं द्यावी.

कपाट लोखंडी असलें तर बरें. कच्चें लांकूड पावसाळ्यांत ओल धरतें, वाळवीला आमंत्रण देतें, आणि त्यांतून निघणारे आम्ल वायु कागद पिवळा करतात. लांकडाचेंच कपाट वापरावयाचें असेल तर तें आंतून रंगवून पूर्ण वाळलेलें असावें. मात्र कपाट कशाचेंहि असो, तें भक्कम असावें, कारण तबकड्यांच्या वजनाविषयीं लोकांचा अंदाज नेहमीं चुकतो. एक फूट लांबीच्या फळीवर उभ्या रचलेल्या तबकड्यांचें वजन सरासरी १६ किलो भरतें. तीन फुटांची फळी म्हणजे जवळजवळ ५० किलो, अर्थात् एका माणसाएवढें ओझें. पुस्तकांसाठीं केलेली पातळ फळी या भारानें वांकते, आणि फळी वांकली कीं तिच्यावरील तबकड्या तिरप्या होतात.

तबकडी तिरपी होणें हें तिच्या बऱ्याच रोगांचें मूळ आहे. तबकडी ठेवावयाची ती सरळ उभी, काटकोनांत. आडव्या थप्पीमध्यें खालच्या तबकडीवर वरच्या सर्वांचा भार पडतो. लाखेची असेल तर तिला तडा जातो, व्हिनाइलची असेल तर ती वांकते, आणि मध्यें सांपडलेला धुळीचा कण दाबानें खाचेंत रुततो. तिरपी ठेवली तर तिचें स्वतःचेंच वजन तिला महिनोन्महिने एका बाजूला वांकवीत राहतें. म्हणून दर चार ते सहा इंचांवर पूर्ण उंचीची उभी फळी घालून खण पाडावे. खणांत तबकड्या इतक्या सैल नसाव्या कीं त्या कलतील, आणि इतक्या घट्ट नसाव्या कीं एक ओढतांना शेजारची घासेल. दहा इंची आणि बारा इंची तबकड्या एका खणांत मिसळूं नयेत; मोठ्यांच्या मध्यें लहान सांपडली म्हणजे मोठीच्या मध्यभागावर दाब पडतो आणि कडा मोकळ्या राहतात. जुन्या काळीं अनेक तबकड्यांचा संच पुठ्ठ्याच्या बांधीव वहींत मिळत असे. छायाचित्रांच्या वहीसारखी म्हणून तिला आल्बम हें नांव पडलें, आणि तेंच पुढें एकाच दीर्घवादन तबकडीलाहि चिकटलें. असा आल्बम शोभेची वस्तु म्हणून जपावा. पण त्याचीं पानें ठिसूळ झालीं असतील तर तबकड्या काढून वेगळ्या पाकिटांत घालाव्या.

पाकिटाचा विचार कपाटाइतकाच महत्त्वाचा आहे. जुनें तपकिरी कागदाचें पाकीट काळानें आम्लयुक्त होतें, त्याचा चुरा पडतो, आणि तो चुरा खाचांत जातो. लाखेच्या तबकडीस आम्लरहित, गुळगुळीत, जाड कागदाचें पाकीट द्यावें. व्हिनाइलसाठीं पॉलिएथिलीनचें पातळ आंतलें पाकीट चांगलें. पण पीव्हीसीच्या मऊ, वासाच्या, चिकटसर पिशव्या वर्ज्य समजाव्या, कारण त्यांतील मऊपणा आणणारें द्रव्य तबकडीवर उतरतें. दुकानांतून आणलेल्या तबकडीवर ताणून बसविलेलें पारदर्शक आवरण असतें, तें नवेपणाची खूण म्हणून कित्येक लोक तसेंच ठेवतात. तें पुढें आकसतें आणि आंतील तबकडीला वांकवितें, म्हणून काढून टाकावें. आंतल्या पाकिटाचें तोंड बाहेरच्या पाकिटाच्या तोंडाशीं जुळूं न देतां वरच्या बाजूस ठेवलें म्हणजे धूळ आंत शिरत नाहीं. जुनीं पाकिटें मात्र फेकूं नयेत. त्यांवर दुकानदाराचा शिक्का, खरेदीची तारीख, कधीं आजीच्या हातची नोंद असते; तीं स्वतंत्र ठेवावींत.

आपल्याकडील हवेचा प्रश्न खरा अवघड. पाश्चात्य संग्रहालयें तबकड्यांसाठीं सुमारें १८ ते २० अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता राखतात. मुंबईंतील अगर कोंकणांतील घरीं श्रावणांत हें साधणें शक्य नाहीं, आणि तसा अट्टाहास करण्याचें कारणहि नाहीं. आंकड्यापेक्षां स्थैर्य महत्त्वाचें. रात्रीं चार तास वातानुकूलन चालवून दिवसभर बंद ठेवल्यानें हवा रोज थंड-गरम, कोरडी-ओली होते. त्यापेक्षां पंख्याच्या हवेची सावलीची खोली बरी. एक साधा आर्द्रतामापक कपाटांत ठेवावा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहूं लागली म्हणजे बुरशीचे दिवस आले असें समजावें. सिलिका जेलच्या पुड्या खणांत ठेवाव्या, आणि त्यांतील दाण्यांचा रंग पालटला कीं त्या तापवून पुन्हां कोरड्या कराव्या. हें न केल्यास त्या पुड्या निव्वळ शोभेच्या राहतात. पावसानें उघडीप दिली कीं दुपारीं तासभर कपाट उघडें टाकावें, संततधारेंत बंद ठेवावें. डांबराच्या गोळ्या तबकड्यांच्या कपाटांत घालूं नयेत. त्यांची वाफ प्लॅस्टिकला मानवत नाहीं. झुरळें आणि कसर लेबलाची खळ खातात, त्यांच्यावर उपाय म्हणजे स्वच्छता आणि दर दोन महिन्यांनीं एकदां सर्व खणांवरून नजर फिरविणें. लोहचुंबकाची भीति मात्र बाळगूं नये. ती टेपला आहे, तबकडीला नाहीं.

बुरशी लागलीच तर घाबरून कोरड्या फडक्यानें झटकूं नये. तसें केल्यानें बीजकण घरभर आणि नाकांत जातात. ती तबकडी इतरांपासून वेगळी करावी, नाकाला फडकें बांधून गच्चींत अगर गॅलरींत सावलीला बसून साफ करावी, आणि जुनें पाकीट परत वापरूं नये. शुद्धोदकांत सुगंध नसलेल्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून त्यांत मऊ कापड भिजवून पिळावें, आणि खाचांच्या दिशेनें, म्हणजे वर्तुळाकार, हलक्या हातानें फिरवावें. लेबल कोरडें राखावें. मग नुसत्या शुद्धोदकाच्या कापडानें पुन्हां पुसून तबकडी भांड्यांच्या जाळीवर उभी करून सावलींत वाळूं द्यावी. लाखेची तबकडी पाण्यांत बुडवून ठेवूं नये. आंतील तंतु पाणी पितात आणि फुगतात. कॉम्पॅक्ट डिस्क मात्र याच्या उलट, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेंत पुसावी. गोल पुसतांना पडलेला ओरखडा नोंदीच्या ओळीबरोबर धांवतो आणि यंत्राला तो भरून काढतां येत नाहीं. पुराच्या पाण्यांत सांपडलेल्या तबकड्या प्रथम पाकिटांतून बाहेर काढाव्या, स्वच्छ पाण्यानें चिखल काढावा आणि वरील रीतीनें वाळवाव्या. ओलीं पाकिटें आंत चिकटूं दिलीं तर नुकसान पाण्यापेक्षां त्यांच्यामुळें अधिक होतें.

हाताळणींतील नियम दोनच. एक, बोटें कडेला आणि लेबलाला लागावीं, खाचांना कधींहि नाहीं. बोटांचा तेलकटपणा धुळीला धरून ठेवतो. दुसरा, योग्य तबकडीला योग्य सुई. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूस एकदांच वापरावयाची असते, हा नियम विक्रीसाठीं काढलेली युक्ति नव्हे. तबकडींतील दगडाची भुकटी पहिल्या कांहीं फेऱ्यांतच सुईचें टोंक घासून तिला खाचेचा आकार देते. बाजू संपेपर्यंत तिच्या कडा धारदार झालेल्या असतात, आणि तीच सुई दुसऱ्या तबकडीला लावली तर ती खाचेच्या भिंती कापीत जाते. व्हिनाइलची तबकडी अशा जड यंत्रावर एकदांहि लावूं नये. उलट, लाखेच्या तबकडीला दीर्घवादनाची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशीं खरडत राहते. हिला साधारण तिप्पट रुंद टोंकाची सुई लागते.

फुटलेली तबकडीहि टाकूं नये, आणि चिकटविण्याचाहि प्रयत्न करूं नये. तिचे तुकडे एकमेकांना न घासतील असे कागदांत वेगवेगळे गुंडाळून, एका सपाट खोक्यांत, नांवासह ठेवावे. अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंतील भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेबर आणि त्यांचे सहकारी यांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत एक पद्धत सिद्ध केली. तींत तबकडीला सुई न लावतां खाचांचीं सूक्ष्म चित्रें घेतात आणि त्यांवरून गणितानें ध्वनि परत मिळवितात. ती प्रत्येकाच्या आवांक्यांतील नाहीं, हें खरें; परंतु भंगारांत गेलेल्या तुकड्यावर कोणतीच पद्धत चालत नाहीं.

प्रत करून ठेवणें हें शेवटचें काम, आणि तेंहि चौकसपणें करावें. ध्वनि संगणकावर उतरवितांना तो संक्षेप न करतां, निदान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापानें, आणि शक्य तर ९६ किलोहर्ट्झनें, घ्यावा. खरखर कमी केलेली प्रत ऐकण्यासाठीं निराळी करावी. मूळ उतारा जसाच्या तसा राखावा, कारण खरखरीबरोबर श्वास आणि तंबोराहि निघून जाण्याचा धोका असतो. वेगाकडे लक्ष द्यावें. प्रारंभींच्या काळांतील सर्वच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांनीं मुद्रित झालेल्या नाहींत. वेग चुकला कीं गाणाराची पट्टी चढते अगर उतरते आणि आवाजाचा पोतच बदलतो. तयार झालेली नोंद दोन वेगळ्या ठिकाणीं ठेवावी, एक घरीं आणि एक परगांवीं असलेल्या मुलीकडे अगर भावाकडे, आणि दर कांहीं वर्षांनीं नव्या साधनावर उतरवावी. मूळ तबकडी मात्र प्रत झाली म्हणून टाकूं नये. उद्यां अधिक चांगली सुई निघेल, अधिक चांगली पद्धत निघेल. तेव्हां परत मूळाकडेच यावें लागेल.

याबरोबरच एक नोंदवही असावी. लेबलावरील गायकाचें नांव, राग अगर नाटक, कंपनीचा क्रमांक, आणि लेबलाच्या बाहेरच्या मोकळ्या पट्टींत कोरलेला बारीक क्रमांक, इतकें प्रत्येक तबकडीचें लिहावें. तो कोरलेला क्रमांक विशेष महत्त्वाचा. लेबल चुकीचें लागलेलें असूं शकतें, पण तो मूळ सांच्यावरून आलेला असतो. पाकिटावर लिहावयाचें तर तबकडी बाहेर काढून, मऊ शिसपेन्सिलीनें. आणि शेवटच्या रकान्यांत घरची हकीकत लिहावी: ही कोणी आणली, कोणाच्या लग्नांत वाजली, कोणत्या गाण्याला आजी चूल सोडून बाहेर येई. अभ्यासकाला कंपनीचा क्रमांक इतरत्र मिळेल. ही हकीकत दुसरीकडे मिळणार नाहीं.

ज्यांना संग्रह सांभाळणें खरोखरच शक्य नाहीं त्यांनीं तो रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं चौकशी करावी. मुंबईंत १९९० सालीं तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली, आणि त्याआधीं १९८२ सालीं पुण्यास अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनें संगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठीं संग्रहकेंद्र काढलें, तें पुढें गुरुग्रामला गेलें. अशा ठिकाणीं, अगर जवळच्या विद्यापीठाच्या संगीतविभागांत, निदान यादी तरी दाखवावी. त्यासाठींहि नोंदवही हवीच.

हें सर्व वाचून काम फार मोठें वाटेल. प्रत्यक्षांत आरंभ लहानच असतो. कोरड्या दिवसांतील एखाद्या रविवारीं सकाळीं पेटी माळ्यावरून खालीं काढावी. तबकड्यांच्या चार जाती वेगळ्या कराव्या, फुटलेल्या निराळ्या गुंडाळाव्या, बाकीच्या आंतल्या खोलींतील एका खणांत सरळ उभ्या कराव्या, आणि वहीचें पहिलें पान लिहावें. साफसफाई, नवीं पाकिटें, प्रती हें पुढच्या महिन्यांत सावकाश होईल. घरांतील सर्वांत वडील माणसाला त्या वेळीं शेजारीं बसवून घ्यावें. शेवटच्या रकान्यांतील मजकूर त्याच्यापाशींच आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाहीं.